फाइल नसलेल्या बाईंचा सत्कार

बीड जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणारे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आहेत. शाळा पहिली ते पाचवी, शिक्षक चार. गावातली निम्मी घरं दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीला बाहेर पडतात आणि होळी-पाडव्याच्या सुमारास परत येतात. काही मुलं आजी-आजोबांजवळ राहून हंगामी वसतिगृहात जेवतात, बाकीची आई-बापाबरोबर फडावर जातात. परतलेल्या मुलांचं वाचन गेलेलं असतं, गणित सुटलेलं असतं. चौथीच्या बाई अशी मुलं घेऊन बसतात आणि काही महिन्यांत ती वाचायला लागतात. अध्यक्षांचा पुतण्या त्यातलाच. समितीला वाटतं, यंदा आदर्श शिक्षक पुरस्कारासाठी बाईंचं नाव जावं, नाहीतर निदान गावानं सत्कार करावा. पण बाई म्हणतात, "माझं नाव नको, फाइल करायला मला वेळ नाही." दोन वर्षांपूर्वी शाळेतल्या एका सरांना तालुक्याचा पुरस्कार मिळाला होता. अध्यक्षांच्या मते तो रंगवलेल्या भिंतींना आणि फोटोंना मिळाला, आणि आता बाईंचा विषय निघाल्यापासून सरांचं तोंड वाकडं आहे. समितीतलेच काही जण विचारतात, "पगार घेतात ना? मग सत्कार कशाला?" अध्यक्षांचा प्रश्न असा: पुढे जावं की गप्प बसावं?

नमस्कार दादा,

पगाराचा मुद्दा आधी उरकून टाकू. तो विचारणारे अगदीच चुकीचे नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकांची कर्तव्यं दिली आहेत. प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत तपासायची आणि गरज पडेल तिथे त्याला जादा शिकवायचं, हे त्यातलंच एक. म्हणजे बाई जे करतात ते त्यांचं कामच आहे. पण काम सगळ्यांना सारखंच नेमून दिलेलं असतं, ते सगळ्यांच्या हातून सारखं होत नाही. चांगलं झालेलं काम चांगलं झालं म्हणून सांगायला पगार आडवा येत नाही. समितीत एवढं सांगा आणि पुढे चला.

मला जास्त बोलायचंय ते तुमच्या पत्राबद्दल. बाई किती चांगल्या, हे पटवायला तुम्ही काय काय लिहिलंय ते परत एकदा वाचून बघा. रविवारीही येतात. वह्या-पेन्सिली स्वतःच्या पैशानं आणतात. सासू आजारी होती तरी रजा टाकली नाही. उन्हाळी सुट्टीत दोन आठवडे वर्ग घेतला. पानभर हेच आहे. आणि पुतण्याबद्दल एकच ओळ, तीही जाता जाता: "बावन्नातून सत्तावीस वजा केले की पस्तीस लिहायचा, आता चुकत नाही."

दादा, माझ्या लेखी सगळ्या पत्रात महत्त्वाची ओळ तीच.

शिक्षकांचं कौतुक करायला आपण निघालो की हात आपोआप त्यागाकडे जातो. कारण त्याग लांबूनही दिसतो, शिकवणं दिसत नाही. पण त्यागाचं कौतुक महागात पडतं, आणि किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते. उद्या बाईंची बदली झाली आणि त्यांच्या जागी तान्हं मूल घरी ठेवून येणारी एखादी तरुण शिक्षिका आली, पाचला शाळा सुटल्यावर ती घराकडे निघाली, तर गाव काय म्हणेल? "आधीच्या बाई रविवारीसुद्धा यायच्या." ती वर्गात कितीही उत्तम शिकवत असली तरी तिच्या वाट्याला हे बोलणं येणारच. शिवाय वह्या-पेन्सिली बाईंनी का आणाव्यात? शाळेला अनुदान किती आलं आणि ते कुठे गेलं, हे बघणं समितीचं काम आहे. बाई पदरचे पैसे घालतात हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय, मला मात्र त्यात समितीचं राहून गेलेलं काम दिसलं. रागावू नका.

आता पुतण्याची वजाबाकी. बावन्नातून सत्तावीस वजा करायला दिले की तो पस्तीस लिहायचा, असं तुम्ही म्हणता. उत्तर पंचवीस. हे पस्तीस आलं कुठून? दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्यानं सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले. म्हणजे पोरगा ठोकून देत नव्हता. त्याचा एक नियम होता, मोठ्यातून लहान काढायचं, आणि तो नियम तो इमानेइतबारे पाळत होता. असं उत्तर दिसलं की बहुतेक वेळा लाल फुली पडते आणि "हातचा विसरलास" एवढं ऐकायला मिळतं. मग मूल ती पायरी पाठ करतं आणि आठवड्यात विसरतं. चांगला शिक्षक विचारतो, "हे कसं केलंस, मला सांग बरं." मूल सांगायला लागलं की त्याचा नियम उघडा पडतो. मग काड्या बाहेर येतात. दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या. "यातल्या सत्तावीस मला दे." मूल दोन गठ्ठे देतं, दोन सुट्या देतं आणि अडतं. अजून पाच हव्यात, सुटी काडी एकही नाही. इथे बाईंनी गप्प बसायचं असतं, आणि पस्तीस-चाळीस मुलांच्या वर्गात गप्प बसणं सोपं नाही. थोड्या वेळानं मूल आपणच एका गठ्ठ्याचा रबर काढतं. हातचा म्हणजे काय, ते त्याला तेव्हा कळतं.

तुमच्या बाई हे नेमकं असंच करतात की आणखी कसं, ते मी पाहिलेलं नाही. पण पोरगं आता चुकत नाही, त्या अर्थी यातलं काहीतरी झालेलं आहे. एक दिवस मागच्या बाकावर जाऊन बसा, त्यांना विचारून. जे बघाल ते लिहून काढा. तुम्हाला फाइल हवी होती ना? तिची सुरुवात ही.

हे काम नजरेत का येत नाही, तेही सांगते. वेशीवरचे फ्लेक्स बघा. शिष्यवृत्तीला लागलेली मुलं, नवोदयला निवड झालेली मुलं. त्यांचं अभिनंदन व्हायलाच हवं, त्यांच्या शिक्षकांचंही. पण आपली मोजणी वरून सुरू होते आणि वरच संपते. नोव्हेंबरात अक्षरं ओळखणारा मुलगा चार-पाच महिने फडावर काढून आला, एप्रिलमध्ये अडखळू लागला आणि दसऱ्यापर्यंत गोष्ट वाचायला लागला, तर त्याचा फ्लेक्स लागत नाही. तो वर्गाच्या सरासरीला पोचलेला असतो, इतकंच. पुस्तक तर कुणासाठी थांबत नाही. चौथीचा पोर्शन चौथीच्या वेगानं पुढे जातो. मूल दुसरीच्या जागी उभं असलं तरी त्याला चौथीच्या बाकावर बसवून चौथीचाच धडा वाचायला लावतात. बाईंनी त्याला तो जिथे आहे तिथून उचललं, इयत्तेकडे न बघता. २०२१ साली निपुण भारत अभियान सुरू झालं, त्याचंही म्हणणं हेच: तिसरी संपेपर्यंत मुलाला अर्थ समजून वाचता यावं आणि अंकांशी खेळता यावं. त्यासाठी मुदत दिली २०२६-२७ ची. सरकारला जे कागदावर हवंय ते तुमच्या शाळेच्या एका खोलीत चाललंय. कौतुक करायचं तर याचं करा.

आता सरांकडे येते. त्यांच्याबद्दल तुमचं मत जरा घाईचं वाटतं. रंगवलेल्या भिंतींनी मूल वाचायला लागत नाही, खरं आहे. पण मला काही गोष्टी विचारायच्या आहेत. लोकवर्गणी कोणी जमवली? हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत कोण पाठवतं, हजेरी आणि हिशेब कोण ठेवतं? दिवाळीआधी घरोघरी जाऊन "पोराला इथंच ठेवा" असं कोण विनवतं? यातलं बरंचसं सर करत असतील, तर बाईंपुढे बसलेली निम्मी मुलं सरांमुळेच गावात राहिली आहेत. पहिलीच्या शिक्षकांचं नाव तर तुम्ही घेतलंच नाही. अक्षरं त्यांनी दिली. एकाला उचलायचं म्हणून दुसऱ्याला खाली बसवलं, तर चार शिक्षकांच्या शाळेत उरलेलं वर्ष काढणं जड जातं, आणि ते तुम्हाला नाही, बाईंना काढायचंय.

सरांच्या पुरस्काराबद्दल तुमची जी खदखद आहे, ती खरं तर निवडीच्या रीतीबद्दल आहे. तिथे मी तुमच्या बाजूनं आहे. असे प्रस्ताव मी पाहिले आहेत. जाडजूड, रंगीत, कात्रणांनी फुगलेले, वृक्षारोपणाचे फोटो, प्रभातफेरीचे फोटो, पाहुण्यांच्या हस्ते फोटो. पान उलटत गेलं तरी एका मुलाची वही सापडत नाही. राष्ट्रीय शिक्षक पुरस्कारासाठी २०१८ पासून शिक्षकांना स्वतःच ऑनलाइन अर्ज करता येतो. यात सोय आहे, कारण कुणाच्या शिफारशीसाठी हेलपाटे घालायला नकोत. पण ज्याला स्वतःबद्दल चार ओळी लिहायचाही संकोच वाटतो, तो घरीच राहतो. कंत्राटी शिक्षकांना तर त्या अर्जाचं दारच बंद आहे. २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले, पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणारे रणजितसिंह डिसले यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. त्या बातमीनं झेडपीच्या शिक्षकांची मान उंच झाली, मलाही आनंद झाला. पण त्यानंतर गावोगावच्या प्रस्तावांत क्यूआर कोडची पानं वाढली असतील तर मला नवल वाटणार नाही. जे दाखवता येतं त्याचीच नक्कल होते. काड्यांच्या गठ्ठ्याचा फोटो काढला तर त्यात काड्याच दिसणार.

बाई "नको" म्हणाल्या, त्याचा अर्थ तुम्ही विनय असा लावलात. असेलही. पण दुसरी कारणंही असू शकतात. स्टाफरूममधलं वातावरण बिघडेल ही धास्ती असेल. नाव झालं की प्रशिक्षणांना सुलभक म्हणून, म्हणजे इतर शिक्षकांना शिकवायला, बोलावणी सुरू होतात, मग तो वर्ग आठ-आठ दिवस दुसऱ्याच्या भरवशावर राहतो, हे त्यांनी इतरांच्या बाबतीत पाहिलं असेल. किंवा त्यांनी सांगितलं तेच कारण असेल: वेळ नाही. कायद्यानं जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणूक सोडून शिक्षकांना बिगरशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. पण नुसतं निवडणुकीचंच काम किती असतं ते मतदार यादीचं काम अंगावर असलेल्या शिक्षकाला विचारा. त्यात रोजची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी. एवढं सगळं उरकून जी बाई मुलांसाठी वेळ काढते, तिला पुन्हा "तुमच्या कामाचे पुरावे जोडा" म्हणणं जरा क्रूरच आहे.

म्हणून आधी विचारा, आणि नीट विचारा. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर दहा पुरुषांच्या देखत विचारलंत तर उत्तर "नको" असंच येणार. समितीत निम्म्या महिला असाव्या लागतात, त्या निव्वळ सहीपुरत्या नसाव्यात. ज्यांची मुलं बाईंच्या हाताखाली वाचायला लागली, अशा दोन आयांना पाठवा. "पुरस्कार हवा का?" असं त्यांनी विचारू नये. "आम्ही काय केलं तर तुम्हाला बरं वाटेल, आणि काय केलं तर त्रास होईल?" असं विचारावं.

समजा, प्रस्तावाला त्यांची हरकत नाही, वेळ तेवढा नाही. मग फाइल समितीनं करावी. तालुका-जिल्ह्याच्या पुरस्कारांचे निकष त्या त्या वर्षीच्या परिपत्रकात असतात, ते केंद्रप्रमुखांकडून घ्या. आत फोटो चारच लावा. त्याऐवजी पाच-सहा मुलांच्या वह्यांची जूनमधली आणि दसऱ्याच्या सुमाराची पानं शेजारी शेजारी जोडा, मुलांची नावं झाकून. परतलेलं कोणतं मूल कधी अक्षरावर होतं, कधी शब्दावर आलं, कधी उतारा वाचायला लागलं, याची साधी नोंद बाईंच्या टाचणवहीत असेलच. तिची झेरॉक्स काढा. तुम्ही मागच्या बाकावरून जे पाहिलंत ते एक पान. आणि समितीचा ठराव. ठरावात "विद्यार्थीप्रिय, उपक्रमशील, सेवाभावी" असले शब्द नकोत, ते सगळ्यांच्याच ठरावात असतात. साधं लिहा: "हंगामी स्थलांतरामुळे वाचनात मागे पडलेल्या मुलांना बाईंनी त्यांच्या पातळीवरून शिकवलं. त्यातली बहुतेक मुलं वर्षाच्या आत उतारा वाचू लागली. वह्यांची पानं सोबत जोडली आहेत." बहुतेक, की सगळी, की निम्मी, ते खरं असेल तेच लिहा. प्रस्ताव पडला तरी ठरावाची एक प्रत बाईंना आणि एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना द्या. बाईंच्या नोकरीत तो कागद उपयोगी पडेल, शालीचं काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

गावातल्या सत्काराची तारीख तुम्ही २६ जानेवारी सुचवली आहे. ती मोडा. त्या दिवशी झेंड्याला गर्दी असते खरी, पण ज्यांच्या मुलांना बाईंनी शिकवलं ती माणसं तेव्हा कारखान्याच्या फडावर कोयता चालवत असतात. टाळ्या कोण वाजवणार? ज्यांची मुलं कधी फडावर गेलीच नाहीत ते. ५ सप्टेंबरला करा, सगळे गावात असतात. पाहुणे बोलावू नका, आमदार तर नकोतच. भाषण एकच, तेही एखाद्या आईचं, पाच मिनिटांचं. चारही शिक्षकांना बोलवा आणि प्रत्येकानं काय केलं ते नेमकं एकेका वाक्यात सांगा. सरांच्या वाट्याला वसतिगृहाचं वाक्य येऊ द्या. त्यांचा रुसवा निघेल असं मी म्हणत नाही, पण तो धरून बसायला कारण उरणार नाही. एक मात्र कटाक्षानं पाळा: "हा बघा, याला काहीच येत नव्हतं" असं म्हणून कोणत्याही पोराला पुढे उभं करू नका. तुमच्या पुतण्यालासुद्धा नाही. चौथीतल्या मुलाला ते चांगलं कळतं आणि लागतंही.

आणि समारंभापेक्षा उपयोगाचं काही करायचं असेल तर कामं भरपूर आहेत. गावात शिकलेली, मोबाइल-कॉम्प्युटर सराईतपणे वापरणारी पोरं आहेत. शाळेची माहिती भरायला त्यांच्यापैकी एखाद्यानं आठवड्यातून दोन तास मुख्याध्यापकांना द्यावेत. सकाळचे पहिले दोन तास दाखल्यासाठी, सहीसाठी, गप्पांसाठी कुणी शाळेत शिरायचं नाही, असा नियम समितीनं करावा आणि अध्यक्षांपासून पाळावा. फडावर जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे, मूल जिथे जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यावं म्हणून. ते कार्ड दिवाळीआधी प्रत्येक मुलाच्या हातात पडतंय का आणि तिकडच्या शाळेत ते कुणी बघतंय का, याचा पाठपुरावा ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाला हाताशी धरून तुम्ही करू शकता. तिकडे चार महिने वाचन थोडंफार चालू राहिलं, तर एप्रिलमध्ये बाईंना पाटी कोरी मिळणार नाही.

शहरातले वाचक हे वाचून म्हणतील, आमच्याकडे कुठे ऊसतोड? पण तुमच्या वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिक्षक दिनाच्या आधी वर्गणी निघते आणि टीचरला मिक्सर की व्हाउचर यावर वाद होतो, तेव्हा हेच सगळं थोडं निराळ्या कपड्यांत चाललेलं असतं. वर्गणी राहू द्या. आपल्या मुलाला यंदा काय यायला लागलं आणि ते कोणत्या शिक्षकामुळे, हे तीन वाक्यांत लिहा. ते पत्र शिक्षकांना द्या आणि त्याची प्रत मुख्याध्यापकांना. वर्गशिक्षकांबरोबर आठवड्यातून दोनदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेची आठवण ठेवा, ग्रंथपालांची ठेवा. कुठल्याच पुरस्काराच्या रकान्यात न बसणाऱ्या या माणसांना असं पत्र बहुधा कधी आलेलं नसतं. आणि मार्कांवरून शिक्षक तोलत असाल, तर एवढं बघा की मुलाला ते मार्क वर्गातल्या शिकवण्यामुळे पडले की क्लासमुळे.

राहता राहिला दादा, तुमचा शेवटचा प्रश्न: बाई पुन्हा नको म्हणाल्या तर? मग नको. प्रस्ताव नाही, सत्कार नाही, आडून आडून आग्रहही नाही. ठराव तेवढा करून त्यांच्या हातात द्या, तो त्यांना कुणाला दाखवावा लागत नाही. सत्कारासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून मोठ्या अक्षरांची, चित्रांची गोष्टींची पुस्तकं आणा. कोणती ते बाईंना आणि पहिलीच्या शिक्षकांना विचारून. ती ठेवायला मुलांचा हात पोचेल अशी एक फळी ठोकून घ्या, कुलपाचं कपाट नको. आणि त्या फळीवर देणगीदारांची नावं रंगवायचा मोह आवरा, तुमचंही नाव धरून.